न मागितलेला खर्ज

महावितरणची वीज घरात येते ती सेकंदाला ५० आवर्तनं करत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून हा ठेका अख्ख्या देशात एकच आहे. पंखा, फ्रिज, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळे त्यावरच चालतात. दिवाळीच्या मुहूर्तावर हौसेने आणलेलं होम थिएटरही त्यावरच चालतं. फरक एवढाच, की पंख्यातून हा ठेका ऐकू आला तर कुणी मनावर घेत नाही आणि सबवूफरमधून आला तर झोप उडते.

नवी मुंबईतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये असा संच आला, की पहिल्या दोन दिवसांत बहुधा एकच नाटक घडतं. सिनेमातला हाणामारीचा प्रसंग संपतो, पडद्यावर शांतता पसरते आणि कोपऱ्यातून ‘घूंऽऽ’ असा खर्ज लागतो. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, ‘अर्थिंग तपासून घ्या.’ वायरमन येतो, टेस्टर लावतो आणि सांगतो, ‘लाइन ओके आहे, मशीनमध्ये फॉल्ट असेल.’ केबलवाला वर बघून म्हणतो, ‘आमचा सिग्नल एकदम क्लिअर आहे.’ तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ही घरघर तिघांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे जन्माला येते. स्पीकर बिचारा नुसता निरोप्या. त्यामुळे स्पीकर बदलून, महागडी केबल घालून किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना लावून ती सहसा जात नाही. ती कुठून शिरते ते शोधावं लागतं, आणि शोध लागला की खर्च बऱ्याचदा काही शे रुपयांत आटोपतो.

आवाजावरून दुखणं

पहिली परीक्षा व्हॉल्यूमच्या बटणाची. बटण फिरवल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल, तर ती बटणाच्या अलीकडून, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, टीव्ही किंवा त्यांना जोडणाऱ्या केबलमधून येते. बटण शून्यावर नेलं तरी ती तशीच राहत असेल, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात किंवा त्याच्या पुढे. एवढ्या एका चाचणीने निम्मी शंका फिटते, आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही.

दुसरी परीक्षा कानाची. गोल, जाड, एकसुरी ‘घूं’ म्हणजे बहुतेक वेळा ५० हर्ट्झची मूळ आवर्तनंच. त्याऐवजी भुंग्यासारखा खरबरीत ‘झ्झ्झ’ असेल, तर त्यात १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर मिसळलेले असतात. एसीची डीसी करणारा भाग प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून पन्नासाचे शंभर होतात. हे हेलकावे गुळगुळीत करायचं काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं. त्याच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. काचेची दारं लावलेल्या बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबलेला ॲम्प्लिफायर काही वर्षांनी भुणभुणायला लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. मागे-पुढे चार बोटं मोकळी जागा ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

‘झ्झ्झ’ बाहेरूनही येतो. फिरकीचा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर विजेच्या लाटेचा तुकडा कापून उरलेला भाग पुढे देतो. कापलेल्या कडेतून विजेचा कचरा उडतो आणि तो शेजारून जाणाऱ्या केबलमध्ये शिरतो. पंखा बंद केल्यावर किंवा पूर्ण वेगावर नेल्यावर भुणभुण थांबली, तर चोर सापडला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर घरघर वाढत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे असं समजायला हरकत नाही. प्युअर साइन वेव्हच्या यंत्रावर ही तक्रार फारशी येत नाही.

फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना ‘टक्’, बटण फिरवताना ‘खर्र’, आणि मोबाइल जवळ ठेवला की येणारा ‘टिट-टिरिरिट’ हे आणखी तीन पाहुणे. शेवटचा आता क्वचित येतो. २जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहर सोडत असे आणि तेवढ्याच हर्ट्झचा सूर स्पीकरमध्ये उमटत असे. ‘खर्र’ मात्र खाडीकाठच्या शहरात हटकून भेटते. दमट, खारट हवेत पिनांवर आणि बटणाच्या आतल्या पट्टीवर काट चढतो. पावसाळा सरला की सगळ्या पिना काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या आणि परत घट्ट बसवायच्या. बटणात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ते दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. अर्थात हे सगळं प्लग भिंतीतून काढल्यावर.

एक घर, दोन अर्थिंग

आता मूळ घरघरीकडे. सबवूफरचा तीन पिनांचा प्लग भिंतीत असतो, म्हणजे त्याचं धातूचं अंग इमारतीच्या अर्थिंगला जोडलेलं. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची काळी वायर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या ॲम्प्लिफायरपाशी वेगळ्याच ठिकाणी अर्थ झालेली असते. जमीन म्हटली तर एकच, पण या दोन जागांमधला विजेचा दाब तंतोतंत सारखा नसतो. काही मिलिव्होल्टचा, कधी त्याहून मोठा फरक असतो. जोवर ही दोन उपकरणं एकमेकांना जोडलेली नाहीत तोवर काहीच बिघडत नाही. दोघांत ऑडिओची वायर लागली, की तिच्या बाहेरच्या जाळीतून त्या फरकाचा प्रवाह वाहू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आकडा पाहिला म्हणजे एवढ्याशा फरकाने एवढा गोंधळ का होतो ते कळतं. लाल-पांढऱ्या आरसीए वायरीतून जाणाऱ्या घरगुती ऑडिओ सिग्नलची ठरलेली पातळी सुमारे ०.३१६ व्होल्ट असते. त्यात फक्त १ मिलिव्होल्टची घरघर मिसळली, तर ती संगीतापेक्षा ५० डेसिबलच खाली राहते. गाण्यात ती झाकली जाईल, पण रात्री साडेअकराला दोन संवादांच्या मधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येईल.

दुसरा प्रकार अर्थिंग अजिबात नसण्याचा. सेट-टॉप बॉक्सचा किंवा टीव्हीचा दोन पिनांचा पुरवठा भाग विजेतला कचरा गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर वापरतो. त्यांच्यामुळे यंत्राचं मोकळं धातूचं अंग २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहतं. प्रवाह अगदी सूक्ष्म असतो, म्हणून धक्का बसत नाही. पण टीव्हीच्या मागच्या पिनांवरून बोटाची मागची बाजू फिरवली की झिणझिण्या येतात. ‘करंट मारतो’ म्हणतात तो हाच. संचात एकही यंत्र नीट अर्थ झालेलं नसेल, तर हा तरंगता दाब केबलमधून सबवूफरपर्यंत जातो आणि तिथे गुणगुणतो.

नवी मुंबईच्या जमिनीचाही यात हात आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि भातशेती, मिठागरं, खाजण यांच्या जागी सेक्टर उभे राहिले. खाडीकाठची खारट, ओली माती वीज छान वाहून नेते, त्या दृष्टीने अर्थिंगला ती उत्तमच. पण हेच मीठ आणि ओल जमिनीत पुरलेला लोखंडी पाइप आणि पट्टी खाऊन टाकते. उलट पारसिकच्या डोंगरउताराला, बेलापूर-खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी खाली काळा बेसाल्ट लागतो. तिथे धातू टिकतो, पण कोरडा खडक वीज वाहू देत नाही. म्हणजे एकाच शहरात दोन वेगळी दुखणी.

सोसायटीच्या मीटर रूमजवळ सिमेंटची एक चौकोनी हौदी, म्हणजे अर्थ पिट, असते, वर लोखंडी झाकण. आत साधारण अडीच मीटर लांबीचा जस्तलेप चढवलेला पाइप उभा पुरलेला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. त्याला बोल्टने आवळलेली पट्टी मीटर रूममध्ये जाते. आयएस ३०४३ या भारतीय मानकात हे सारं सविस्तर लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात काय दिसतं? झाकण पेव्हर ब्लॉकखाली गेलेलं, किंवा त्यावर तुळशीची कुंडी. उघडलंच तर बोल्टवर हिरवा-तांबडा काट आणि नरसाळ्यात गुटख्याची पुडी. उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं हे वॉचमनला कुणी सांगितलेलंच नसतं. कुलूप, लिफ्ट, टाकी यांचा वार्षिक सभेत कीस पडतो. अर्थ पिटची चाचणी कधी झाली, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. गंमत म्हणजे याच शहरात, ऐरोली-महापे पट्ट्यात, मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत आणि त्यांच्या उभारणीत अर्थिंग हा पहिल्या दिवसापासूनचा विषय असतो.

घरातल्या सॉकेटची अर्थिंग तपासायला वायरमन साधा दिवा वापरतात. फेज आणि न्यूट्रलला शंभर वॉटचा बल्ब जोडला की जितका पेटतो, तितकाच फेज आणि अर्थला जोडल्यावर पेटला पाहिजे. मिणमिणला तर अर्थची वायर कुठेतरी कुजलेली. पेटलाच नाही तर ती तिथवर आलेलीच नाही. जुन्या घरांत भिंत फोडून वाढवलेल्या पॉइंटना हा अनुभव हमखास येतो, तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. डिजिटल मीटर इथे फसवतो, कारण तुटलेल्या वायरीवरही तो भुताटकीचा दाब दाखवतो. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल आणि दिवा लावताच हा स्विच पडला, तर घाबरू नये. अर्थ जिवंत असल्याचीच ती खूण. हे काम मात्र परवानाधारक वायरमनचंच, आपण करून बघायचं नव्हे.

इथे एक धोकादायक शहाणपण फार फिरतं. सबवूफरची तिसरी, जाड पिन काढून टाकली किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला, की ग्राउंड लूप तुटतो आणि घरघर खरंच थांबते. पण आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर तो पत्रा जिवंत होतो आणि पहिला हात लागतो तो बहुधा खेळणाऱ्या मुलाचा. भारतीय प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली आहे, ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. तिला हात लावायचा नाही.

एकेक वायर काढत

लूप शोधण्याची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. टीव्ही, बॉक्स, गेमचं यंत्र, ॲम्प्लिफायर, सगळं चालू ठेवायचं आणि व्हॉल्यूम घरघर नीट ऐकू येईल इतका वाढवायचा. मग सबवूफरला जाणारी सिग्नलची वायर काढायची, काढताना क्षणभर आवाज कमी करून. घरघर तरीही आली तर सबवूफरच दोषी. थांबली तर ती वायर परत लावायची आणि मागे सरकायचं. आता सेट-टॉप बॉक्सच्या पाठीचा केबलचा गोल स्क्रू सोडवायचा. बहुतेक घरांत ‘घूं’ इथेच, तो तांब्याचा बारीक दांडा बाहेर येताक्षणी थांबतो. स्क्रू परत टेकवला की परत सुरू. दोन-तीनदा करून बघितलं की केबलवाल्यालाही पटतं.

त्यावर तीन उतारे. एक, सगळी यंत्रं एकाच पॉइंटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्यायची, म्हणजे त्यांची अर्थ एकच राहते. दोन, केबलच्या तोंडाशी आयसोलेटर बसवायचा. तो चित्र जाऊ देतो, ५० हर्ट्झला अडवतो. आरसीए वायरसाठीही छोट्या ट्रान्सफॉर्मरचे असे डबे मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर हमखास. तीन, टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल न्यायची. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत आवाज प्रकाशावर बसून जातो, तांबं नसल्यामुळे लूप बनूच शकत नाही. एचडीएमआयमध्ये जाळी असते, त्यामुळे तिथे ही खात्री देता येत नाही. फायबर इंटरनेटवर सिनेमे बघणाऱ्या घरांत ही तक्रार कमी असायचं कारणही काच वीज वाहून नेत नाही हेच.

केबल कशा टाकल्या यालाही महत्त्व आहे. विजेची आणि सिग्नलची वायर एकाच पट्टीने गुंडाळून टीव्हीमागे कोंबू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. नाट्यगृहांत ध्वनीची माणसं माईकच्या वायरी प्रकाशयोजनेच्या डिमरपासून लांबून नेतात ते याच भीतीने. त्यांच्याकडे आणखी एक अस्त्र असतं. तिथे एकच सिग्नल दोन तारांतून, एकमेकांच्या उलट पाठवला जातो आणि पलीकडे त्यांची वजाबाकी होते. वाटेत दोन्ही तारांना सारखीच चिकटलेली घरघर त्या वजाबाकीत उडून जाते. पीळ दिलेल्या जोडतारेचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच घेतलं होतं. घरगुती संचांना मात्र स्वस्ताईपायी आरसीएची एकेरी वायरच मिळाली आणि ग्राउंड लूपचे भोग नशिबी आले.

सळसळ आणि चंदीगड

घूं गेल्यावर कान तीक्ष्ण होतात आणि नवी तक्रार सुरू होते. ट्वीटरमधून, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून, बारीक ‘सूंऽ’ येतंय. या सळसळीवर रामबाण उपाय नाही. तापमान आहे तिथे इलेक्ट्रॉन धावपळ करणारच, आणि ती धावपळच सळसळ म्हणून ऐकू येते. बेल लॅब्जच्या जॉन्सनने ती मोजली, नायक्विस्टने तिचं गणित मांडलं, आणि दोघांचे शोधनिबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. सळसळ किती वाढवायची, एवढंच आपल्या हातात. टीव्हीचा आवाज वीसवर आणि ॲम्प्लिफायर ऐंशीवर असेल तर अशक्त सिग्नलबरोबर सळसळही मोठी होते. उगमाकडचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून ॲम्प्लिफायर खाली आणायचा. ट्वीटरला कान लावून ऐकू येणारी सळसळ सोफ्यावर बसून ऐकू येत नसेल, तर तो दोष धरू नये.

या सळसळीशी झालेल्या सगळ्यात गाजलेल्या झुंजीचा एक धागा भारतातून जातो. रे डॉल्बी हा अमेरिकी अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत होता. टेपच्या सळसळीवरचा तोडगा त्याच्या डोक्यात याच काळात आकाराला आला. १९६५ मध्ये त्याने लंडनला डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. युक्ती अशी की ध्वनिमुद्रणाच्या वेळी दुबळे सूर उचलायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. टेपची सळसळ मध्येच मिसळलेली असल्यामुळे ती फक्त खाली येते. बऱ्याच संचांच्या खोक्यावर आज हे नाव असतं. मात्र डॉल्बीचं काम संपल्यानंतर, शेवटच्या आरसीए वायरीत शिरलेल्या घरघरीपुढे त्याचाही इलाज चालत नाही.

खिडकी, ग्रिल आणि शेजारी

काही आवाज विजेचे नसतातच. पंधरा बाय दहा फुटांच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने सुमारे ३७ आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला हवा घुमते. त्या दोन सुरांना बास अंगावर येतो, मधल्यांना गायब होतो. मग त्या सुरांबरोबर ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी खडखडते, बाहेरची ग्रिल, फॉल्स सीलिंगचा पत्रा, शोकेसमधली काच, स्विच बोर्डाची सैल प्लेट, सगळे साथीला बसतात. फोनवरून २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावायचा आणि खोलीभर हात फिरवत जायचं. जिथे हात ठेवल्यावर खडखड थांबते तिथे फेल्टचा तुकडा किंवा रबराची पट्टी. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढला की घुमणं उतरतं, कारण जवळची प्रत्येक भिंत बास ६ डेसिबलपर्यंत वाढवू शकते. जुना वूफर फडफडत असेल तर त्याची कड बघावी. फोमची कड दमट हवेत विरते, रबराची टिकते.

खालच्या मजल्याची तक्रार वेगळ्या वाटेने येते. नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध ओततात. हवेतला आवाज त्या बऱ्यापैकी अडवतात, पण सबवूफरचे पाय थेट टाइलवर असतील तर कंप त्या सलग काँक्रीटमधून दोन मजले सहज उतरतो. जाड रबर-फोमच्या पाटावर सबवूफर ठेवणं ही तिथली किमान माणुसकी. कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही पातळी ठरवलेली आहे. खासगी संचाचा आवाज स्वतःच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालानंतर उत्सवांतल्या भोंग्यांची चर्चा खूप झाली. हॉलमधल्या बाराशे रुपयांच्या वूफरलाही हेच नियम लागू आहेत, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

यातलं बरंच काही घर बांधतानाच टाळता येतं. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे आणि सभांमध्ये चर्चा चटईक्षेत्राची, पार्किंगची, भाड्याची होते. विकासकाबरोबरच्या करारात चार ओळी वाढवायला त्याला पैसे फार पडत नाहीत. टीव्हीच्या भिंतीला एसी आणि पंप यांच्यापासून वेगळं सर्किट. त्या सर्किटला पॅनेलपर्यंत अखंड तांब्याची अर्थ वायर. मागच्या दोन स्पीकरसाठी भिंतीतून जाणारा, विजेच्या नळीपासून एक फूट लांब ठेवलेला रिकामा पाइप. आणि तळमजल्यावर अर्थ पिट पेव्हर ब्लॉकखाली न गाडता झाकण उघडेल असा ठेवून, ताबा देताना अर्थिंगच्या चाचणीचा आकडा लेखी. स्लॅब पडायच्या आधी हे मागितलं तर मिळतं. नंतर मात्र भिंत फोडावी लागते.